उजवीकडचा खळगा

१

रागीट माणसाला कारण शोधावं लागतं म्हणतात. दुफिएला कधी शोधावं लागलं नाही. तिचा धाकटा भाऊ अंत्वी ते रोज ताजं आणून देत होता.

पहिलं कारण चार महिन्यांपूर्वीचं. कुमासी शहरातल्या त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या, जाळी लावलेल्या पडवीत भिंतीला टेकून तीन स्टुलं असायची. एक दुफिएचं. एक अंत्वीचं, इवलंसं, तो रांगायला लागला तेव्हा बापानं करवून आणलेलं. आणि मधलं आईचं, लग्नात नवऱ्याकडून मिळालेलं, पन्नास वर्षं बसून बसून खळगा पडलेलं. आईची कंबर डाव्या अंगानं अधू होती. ती डावीकडे कलून बसायची, म्हणून खळगाही डावीकडेच खोल होता.

तिन्ही स्टुलं आडवी असत. बसणारा उठला की स्टूल कुशीवर करून भिंतीला टेकवायचं, हे त्या घरात दार ओढून घेण्याइतकं अंगवळणी पडलेलं. उभं ठेवलं तर रिकामी जागा बघून कुणीही येऊन बसतं. कुणीही म्हणजे कोण, हे आईनं कधी सांगितलं नाही, आणि विचारलं तर पाठीत धपाटा मिळे.

आई गेल्या फेब्रुवारीत गेली. त्यानंतरही दुफिए रोज पडवी झाडायची, तिन्ही स्टुलं पुसायची आणि पुन्हा आडवी करायची. अंत्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, पण त्याचं स्टूल घरात आहे म्हणजे तोही घरातच आहे, अशी तिची साधी समजूत होती.

मग एका रविवारी ती चर्चमधून परतली तर मधली जागा रिकामी. अंत्वी येऊन, न विचारता, आईचं स्टूल गाडीत घालून गेला होता. जाताना बुटाची नाडी बांधायला स्वतःच्या स्टुलावर टेकला असणार, कारण ते पडवीच्या मधोमध उभंच होतं. दुफिएच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सवयीनं तिनं ते आडवं करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्याचं त्यानं बघावं, असं ती मोठ्यानं म्हणाली. आपलं स्टूल उचलून तिनं आत आणलं, पडवीला कुलूप घातलं, आणि तेव्हापासून ती सकाळची मक्याची पेज स्वयंपाकघरातच बसून पिऊ लागली.

२

अंत्वी सात वर्षं परदेशात राहून फर्निचरचं डिझाइन शिकून आला होता. आल्याआल्या त्यानं बोनसूमामाची कोरीवकामाची शेड ताब्यात घेतली. भिंतींना पांढरा रंग दिला, लाकूड कापायचं मशीन आणलं, पुढच्या बाजूला काचेची शोरूम केली. बोनसूमामा, आईचा थोरला भाऊ, सत्तरी उलटलेला माणूस, हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन कोपऱ्यात बसून राहिला. त्याला कुणी काढलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही.

आईच्या स्टुलाचं मोजमाप अंत्वीनं मशीननं घेतलं. केसाएवढाही फरक नाही म्हणे. तोच खळगा त्यानं नव्या खुर्चीच्या बैठकीत उतरवला, खाली काळ्या लोखंडाचे बारीक पाय दिले, मागे हातभर पाठ दिली आणि नाव ठेवलं 'आईची बैठक'. लोक खुळावले. जो बसे तो म्हणे, यात एकदा बसलं की उठवत नाही. शहरातल्या एका नव्या हॉटेलनं आपल्या जेवणघरासाठी अशा चाळीस मागवल्या.

आई जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि तिच्या बुडाच्या ठशावर उद्या पाव्हणे बसून भाजलेली केळी खाणार होते. दुफिए हे असंच बोलायची, भावाच्या तोंडावर, कामगारांसमोर. तरी तिनं शेड सोडली नाही. शेवटचा हात फिरवायचं काम तिचं होतं, घासकागद आणि तेल, तीस वर्षांचं. आईचा खळगा दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जावा हे तिला सोसलं नसतं.

खरं स्टूल शोरूमच्या दाराशी पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलेलं होतं. उभं. दुफिए येता-जाता ते आडवं करायची आणि तासाभरात ते पुन्हा उभं असायचं.

"आडवं ठेवलं की पडल्यासारखं दिसतं गं ताई फोटोत," अंत्वी म्हणाला.

"मग फोटो काढू नकोस."

"आपलं जुनं ते जगाला दाखवायचं नाही का?"

"दाखव ना. पण वापरायचं कसं ते विसरलास, आणि दाखवायला निघालास."

तो हसला. त्याच्या या हसण्यावर आई लहानपणी त्याला सगळं माफ करायची. दुफिए आई नव्हती.

३

जानेवारीतला कोरडा वारा सुटला होता. उत्तरेकडची बारीक धूळ खिडक्या बंद असल्या तरी आत येऊन बसायची, ओठ फुटायचे, लाकडं रात्रीतून आखडायची. एका मंगळवारी सकाळी दुफिएनं सत्ताविसावी बैठक मांडीवर घेतली आणि नेहमीप्रमाणे तळवा फिरवला. डावीकडे हात उतरायला हवा होता. तो उजवीकडे उतरला.

तिनं बैठक फिरवून पाहिली. पुढची बाजू पुढेच होती. पुन्हा तळवा फिरवला. उजवीकडे चांगला अंगठाभर खोल.

तिला आधी आनंदच झाला, हे सांगायला हवं. भावाच्या त्या शहाण्या मशीननं माती खाल्ली होती. ती बैठक घेऊन ती तडक त्याच्याकडे गेली आणि टेबलावर आपटली. अंत्वीनं संगणकावर आकृती काढून पाहिली, पट्टी लावली, मशीनवाल्या पोराला झापलं. आकृती बरोबर होती. मग आरशातल्यासारखी उलटी कापली गेली असेल, असं तो म्हणाला, होतं असं कधीकधी. दुफिएलाही ते पटलं. उलटी कापली, संपलं.

फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. मशीन लाकडावर बारीक रेघा सोडतं. त्या घालवण्यातच तिचा जन्म चालला होता. या बैठकीवर डावीकडे रेघा होत्या. उजवीकडच्या खळग्यात एकही नव्हती. तिथलं लाकूड गुळगुळीत होतं आणि जरा काळवंडलेलं, आणि तिनं अजून तेलाचा डबा उघडलासुद्धा नव्हता.

ती बैठक तिनं बोनसूमामापुढे धरली. त्यानं तळवा फिरवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"हे कापलेलं नाही," तो म्हणाला. "बसून पडलंय."

"कालच कापलीय मामा. कोण बसणार?"

म्हातारा उठला, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि त्या दिवसापासून दुपारचं जेवण उभ्यानं घेऊ लागला. एवढंच. दुफिएनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं तिला गप्प बसवलं, जे आजवर कुणाला जमलं नव्हतं.

४

शनिवारपर्यंत चाळीसच्या चाळीस बैठका उजवीकडे खोल झाल्या. ज्या तिनं स्वतः डावीकडे घासून पुरत्या केल्या होत्या, त्याही. वाऱ्यानं लाकूड आखडलं, एकाच खोडातलं असेल, एका बाजूला ओढ घेतली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. तीस वर्षांत तिनं असं आखडलेलं लाकूड पाहिलं नव्हतं, पण चाळीस खुर्च्यासुद्धा एकदम पाहिल्या नव्हत्या.

मग ती चौथऱ्याकडे गेली आणि आईच्या स्टुलावर हात ठेवला.

तिथंही उजवीकडेच.

पन्नास वर्षांचा आईचा ठसा चार महिन्यांत कुणीतरी बसून मोडला होता. कुणीतरी जड, उजवीकडे कलणारं. दुफिएला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला संताप, भाड्यानं दिलेल्या घरात घुसून मालकिणीचे फोटो काढून फेकणाऱ्या माणसाचा यावा तसा संताप. दोन आठवड्यांवर आईचं वर्षश्राद्ध होतं. सगळं कूळ जमणार, स्टुलापाशी जमिनीवर दारूची धार सोडून आईला हाक मारणार. आणि आई येऊन बसणार कुठं?

ती अंत्वीच्या खोलीत शिरली. तो पहिल्या, नमुन्याच्या खुर्चीत बसला होता. उजवीकडे कललेला, डावा हात गुडघ्यावर. असा तो कधी बसत नसे. तिच्या ते लक्षात आलं आणि रागाच्या भरात निसटलंही.

"आईचं स्टूल आजच्या आज घरी जाईल," ती म्हणाली.

"हॉटेलच्या उद्घाटनाला ठेवायचंय ताई. शब्द दिलाय. श्राद्धाच्या आधी आणून देतो." तो चेहऱ्यावरून हात फिरवत होता. चार महिन्यांत त्याचं वजन उतरलं होतं आणि तो जड वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. "पाय फार भरून येतात हल्ली. डॉक्टर म्हणतात काही नाही. कुणी मांडीवर बसून गेल्यासारखं वाटतं."

"काम कर जरा, बसू नकोस."

"ताई." तो आवाज बारीक करून बोलला, लहानपणी अंथरूण ओलं केलं की बोलायचा तसा. "घरी माझं स्टूल आडवं आहे ना?"

तिला कळलं, तो मनापासून विचारतोय. उत्तर देणं सोपं होतं. घरी जाऊन कुलूप काढून एक हात लावणं त्याहून सोपं होतं. पण आईचं पळवून नेणाऱ्याला स्वतःच्याची काळजी बरी सुचली, असं तिच्या मनात आलं.

"तुझं तू बघ," ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर आली.

५

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती हॉटेलात शेवटचं पॉलिश पाहायला गेली. भर दुपार होती. जेवणघरात चाळीस खुर्च्या टेबलांभोवती मांडलेल्या होत्या आणि दोन फिटर त्यांचे पाय बोल्टनं फरशीत पक्के करत होते.

दुफिए बघत राहिली. मग तिथल्या मॅनेजर लॅम्प्टीबाईंकडे जाऊन विचारलं, हे काय चाललंय. बाई राजधानीतल्या, आक्राच्या, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, पाव्हणे खुर्च्या ओढतात, फरशीला चरे पडतात, म्हणून तुमच्या भावालाच विचारून असं ठरवलं.

"मग आडव्या कशा करणार?"

लॅम्प्टीबाई हसल्या. "चाळीस खुर्च्या रोज आडव्या करायला मी माणसं कुठून आणू, मावशी?"

चाळीस जागा, कायमच्या उभ्या. दुफिएला बोलायचं बरंच होतं, पण एक फिटर हात झटकत उठला आणि सोबत्याला म्हणाला, बैठका तापल्यात बघ कशा, ऊन येतंय वाटतं. दुफिएनं पाहिलं. ऊन समोरच्या भिंतीवर होतं. जवळच्या खुर्चीवर तिनं तळवा टेकला. लाकूड नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं कोमट होतं. छतावर पत्रा असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि वर पाहिलं नाही.

६

उद्घाटनाचं जेवण शनिवारी दुपारी होतं. बोनसूमामा आलाच नाही. दुफिए आपल्या चांगल्या कपड्यांत, भिंतीशी उभी राहिली. बसायला तिनं नकार दिला. आईचं स्टूल मधोमध चौथऱ्यावर होतं, त्यावर दिव्याचा झोत सोडलेला.

शेंगदाण्याचं सार वाढलं गेलं. लोक खात होते, बोलत होते, सगळं रीतसर चाललं होतं. तिला बराच वेळ कळलं नाही की आपल्याला खुपतंय काय. मग कळलं. सगळे उजवीकडे कलले होते. बाया, पुरुष, एक पाद्री, सगळे थोडेसे उजवीकडे, आणि ज्यांचा डावा हात मोकळा होता त्यांचा तो गुडघ्यावर. अंत्वी पुढच्या टेबलाशी तसाच.

एक खुर्ची रिकामी होती. उशिरा आलेले एक गृहस्थ तिच्याकडे गेले, बसायला वाकले, आणि अर्ध्यात थांबले. "माफ करा हं," ते रिकाम्या खुर्चीला अदबीनं म्हणाले, आणि ताट घेऊन भिंतीशी उभ्यानं जेवू लागले. कुणी हसलं नाही. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

दुफिएनं मग फार विचार केला नाही. ती चौथऱ्याकडे चालत गेली आणि आईच्या स्टुलाला हात घातला. हलकं लाकूड ते. दहा वर्षांची असताना ती ते बगलेत मारून विहिरीवर न्यायची. ते हललं नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. एक वेटर मदतीला आला, मग दुसरा. तिघांच्या कपाळावर घाम आला आणि स्टूल जागचं तसूभर सरकलं नाही. चौथऱ्याला चिकटवलंय वाटतं, वेटर म्हणाला. पण दुफिएनं तळाखाली बोट घातलं तर ते थेट पलीकडे निघालं.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. चार महिने साठलेलं सगळं त्या स्टुलावर, त्याच्या वरच्या रिकाम्या हवेवर, तिनं ओतलं. लाज नाही, बोलावणं नाही, दुसऱ्याच्या आईनं झिजवलेल्या जागेवर येऊन बसता. आणि शेवटी घसा फाडून म्हणाली, "ऊठ. माझ्या आईच्या जागेवरून ऊठ."

जेवणघरातली सगळी माणसं उभी राहिली.

एकदम, एका दमात, हातातले घास हातात ठेवून. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती नुसती उभी होती, आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. दुफिएच्या हातातलं स्टूल सुपासारखं हलकं होऊन वर आलं.

बसून राहिला होता एकटा अंत्वी. उजवीकडे कललेला. त्यानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे, रस्ता विचारणाऱ्या परक्या बाईकडे पाहावं तसं.

"कुणाची आई, बाई?" त्यानं विचारलं.

७

ती टॅक्सीनं घरी आली ती धुमसत. चारचौघांत आईला ओळख दिली नाही. मोठ्या लोकांत बसला की जन्मदात्रीची लाज वाटते. श्राद्धाला आला तर दारातून परत पाठवीन, असं तिनं वाटेत तीनदा ठरवलं. मांडीवरच्या स्टुलावर तिचा तळवा फिरत होता, आणि वळणावर तो अलगद डावीकडे उतरला. खोल, ओळखीचा, आईचा. तिच्या डोळ्यांना धार लागली. रागानंच, असं ती ड्रायव्हरला म्हणाली.

घरात शिरून तिनं थेट पडवीचं कुलूप काढलं. चार महिन्यांची धूळ होती, जाळीतून आलेली, पिठासारखी मऊ, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिच्यात पावलं उमटवत ती भिंतीपर्यंत गेली, आईचं स्टूल आडवं करून त्याच्या जागी टेकवलं आणि वळली.

अंत्वीचं इवलंसं स्टूल पडवीच्या मधोमध उभं होतं. त्याच्यावर धूळ नव्हती. बैठक लख्ख होती, उजवीकडे एवढी खोल झिजलेली की खालचं लाकूड कागदासारखं पातळ झालं होतं. स्टुलासमोर धुळीत दोन मोठ्या पावलांचे ठसे होते, उजवा जास्त रुतलेला. तिकडे येणारे ठसे नव्हते आणि तिथून जाणारेही.

बाई, म्हणाला होता तो. ताई नाही.

तिनं स्टुलाला हात घातला. मुलाचं स्टूल ते, एका हाताचं. हललं नाही. दोन्ही हातांनी, गुडघा टेकवून, सगळं अंग लावून ओढलं तरी हललं नाही. काय म्हणायचं ते तिला माहीत होतं. तासाभरापूर्वीच तिनं ते म्हटलं होतं आणि खोलीभर माणसं उठली होती. तिनं तोंड उघडलं. पण चार महिने सकाळ-संध्याकाळ पुरून उरलेला तो राग आता हवा होता, तर कणभरही हाताशी येईना. आत कुठंतरी एक बारीक आवाज विचारत होता, माझं आडवं आहे ना, आणि तिनं त्याला काय उत्तर दिलं होतं ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

ती धुळीतच खाली बसली, त्या दोन पावलांच्या समोर, आणि जन्मात कुणाशी बोलली नव्हती इतक्या हळू आवाजात म्हणाली, "उठता का हो जरा? माझ्या भावाची जागा आहे ती."